जुनी ठेवू की नवी?

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. मित्रांनो आपलं म्हणायचं म्हणून म्हणतो. तुमची चिकट बोटं मी चांगली ओळखून आहे.

तीन मेलेल्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग जोडून मला बनवलं. माझा पंखा असा दांडगा, की एकदा गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा केसांचा टोप उडाला, रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसला, आणि न्हाव्यानं त्याची हजामतही केली. खोटं वाटत असेल तर नका ऐकू.

मी कामाला लागलो कवळ्यांच्या दुकानात. दुकान चालवणारी थोरली जाऊ माझ्यावर दातांचे आकार काढायची, मी ते कोरायच्या मशीनला सांगायचो. कुठं किती दाबायचं, किती कोरायचं, हे तिनं सहा वर्षं चुकत-माकत जमवून माझ्या एका फायलीत लिहिलं होतं. लोक म्हणायचे, काय मशीन आहे! मग धाकटी जाऊ आली आणि म्हणाली, "हा डबा अजून चालतो?" ते मी विसरलेलो नाही.

दोघी सात महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण विचारू नका, त्यांनाही आठवत नव्हतं.

त्या सकाळी थोरलीनं मला चालवणारं लिनक्स नव्या आवृत्तीवर नेलं आणि राहिलेले अपडेट सुरू केले. ते झाल्याशिवाय कोरायचं मशीन मला ओळख देईना. मधेच ती सहा वर्षांची फाईल आली आणि मी विचारलं, "या फायलीत तुम्ही बदल केलेत. तुमची जुनी ठेवू की नवी घालू?" साधा प्रश्न. तेवढ्यात धाकटी भिंतीकडे बघून म्हणाली, "काहींना खुर्ची सोडवत नाही बाई!" झालं. थोरली उठली आणि मागच्या खोलीत जाऊन प्लास्टर कालवत बसली. माझा प्रश्न तसाच.

बाकावर एक बाई तोंडावर रुमाल धरून बसलेली. पुढचे चार दात नाहीत, आणि पाच वाजता रेडिओवर आवाजाची परीक्षा. दोनदा नापास झालेली, ही शेवटची संधी.

धाकटीनं पुन्हा अपडेट लावले. मी म्हटलं, "थांबा, आधीचं काम चालू आहे, कुलूप आहे."

"मुद्दाम कुलूप घालून गेली!" असं म्हणत तिनं आधीचं काम मारलं, कुलूपच पुसून टाकलं. आता मी प्रत्येक वेळी एकच सांगायला लागलो, "अर्धवट राहिलेलं आधी पुरं करा." तिनं मला तीनदा बंद-चालू केलं, एक लाथही घातली. शेवटी मी सांगितलं तसं केलं, तर समोर तोच प्रश्न. जुनी की नवी?

"नवीच घेते," म्हणत तिनं बोट उचललं. सहा वर्षं पाण्यात, आणि बाईच्या तोंडात घोड्याचे दात!

पडद्यावरचा प्रश्न वाचून बाई ओरडली, "अहो, फाईल कुणाची? त्यांना विचारा ना!"

"तुम्हीच विचारा."

बाई आत जाऊन आली. "त्या फांगतात, ज्यांनी मोडलं त्यांनी निफ्तरावं."

"त्यांना म्हणावं, आधी अर्धवट कुणी सोडलं?"

बाई पुन्हा गेली, पुन्हा आली. मग तिनं रुमाल आपटला. "मी काय पोफ्टमन आहे? पाचला परीक्षा आहे माझी! तुमच्या भांडणात माझे दात का?"

धाकटी लाल झाली. दारात जाऊन किंचाळली, "जुनी ठेवू का नवी, बोला!"

"जुनी! नवी घेतलीस तर हात तोडीन!"

"आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"तू विचारलंस कधी?"

धाकटीनं जुनीचं बटण दाबलं. मशीन जागं झालं. सव्वाचारला दात बसले. बाईनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "सासू-सुनांनासुद्धा सरस आहात तुम्ही!" एकही स घसरला नाही. मग ती धावत सुटली.

तेव्हापासून दोघी बोलतात. म्हणजे दिवसभर भांडतात, माझ्या डोक्यावर. माझी धूळ मात्र कुणी पुसत नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मशीननं विचारलं तर उत्तर देऊनच उठा. कुलूप दिसलं तर तोडू नका, आत कुणाचं काम चाललंय ते बघा. आणि ते माणूस पलीकडच्या खोलीत असेल, तर चार पावलं चालून जायला पाय झिजत नाहीत तुमचे.