साबण बंद

"पाणी! अहो, पाणी आणा आधी! जळतंय!"

बायकोची हाक आली तेव्हा तो स्वयंपाकघरात वाटीच्या कडेला चिकटलेलं मिश्रण चमच्यानं निपटून घेत होता. हातातली वाटी तशीच टाकून तो न्हाणीघराकडे धावला. ती बेसिनवर वाकली होती, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात हवेत. नळ समोरच होता, पण तो तिला सापडत नव्हता. त्यानं नळ सोडला, ओंजळीनं पाणी मारलं. पाण्यानंही ती कळवळली.

"हात लावू नका!" ती म्हणाली. "लांब व्हा."

तो लांब झाला. दारात उभं राहून तिचं तोंड धुऊन होईपर्यंत थांबला. तिनं तोंड वर केलं तेव्हा गालांवर, हनुवटीखाली, मानेच्या वळीत लालभडक पट्टे उठले होते. टॉवेल न घेताच ती त्याच्या बाजूनं खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

चार महिन्यांच्या आजारपणानं तिच्या चेहऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी करून टाकली होती. गोळ्या संपल्या, ताप गेला, पण चेहरा सोलवटलेला राहिला. "साबण बंद म्हणजे बंद," त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "सौम्य काहीतरी वापरा. चेहरा स्वच्छ करायचा, मग मलम. मलम लागलं पाहिजे. शुक्रवारी बघतो, फरक नसेल तर गोळ्या परत सुरू." सौम्य म्हणजे काय, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट खुर्चीत येऊन बसलाही होता.

गोळ्या परत, या दोन शब्दांची तिला धास्ती होती. त्या गोळ्यांवर असताना तिच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. म्हणून ही सगळी धडपड. मुलीनं पाठवलेल्या दोन बाटल्या झोंबल्या. नुसतं पाणी लावलं तर मलमाचा थर निघेना, त्याच्यावर दुसरं मलम बसेना. मग मुलीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. लिंबू, मध आणि दूध. घरच्या घरी, पाच मिनिटांत.

आज सोमवार होता.

तो स्वयंपाकघरात परत आला. वाटी ओट्यावर आडवी पडली होती आणि दही झाल्यासारखे दुधाचे बारीक कण तिच्यातून ओघळत होते. लिंबू पडल्या पडल्या दूध फाटलं होतं. ते त्यानं सकाळीच पाहिलं होतं. पाहून चमच्यानं ढवळलं होतं.

एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यानं तेहतीस वर्षं काढली होती. शिक्षक म्हणून नव्हे, तर शिपाई म्हणून. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, तासाच्या आधी सगळं मांडून ठेवायचं आणि मागं उभं राहायचं. कोणी ओरडलं की त्याचा चेहरा लाल व्हायचा, म्हणून पोरं त्याला लिटमस म्हणत. एकदा एक नवे सर भर वर्गात आम्लात पाणी ओतायला निघाले. तो हळूच म्हणाला, "सर, उलटं. आम्ल पाण्यात." सरांनी वळूनही पाहिलं नाही. "तू बाटल्या धू," ते म्हणाले आणि वर्ग हसला. पुढच्याच क्षणी चंचुपात्र फसफसून उडालं, सरांच्या बाहीला भोकं पडली. टेबल त्यानंच पुसलं. त्यानंतर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. विचारलं तर सांगायचं, आणि विचारत कोणी नव्हतंच.

कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यानं जुनी डबी काढली. निवृत्त होताना प्रयोगशाळेच्या मॅडमनी लिटमस कागदांच्या उरलेल्या पट्ट्या देऊन टाकल्या होत्या. एक निळी पट्टी त्यानं वाटीत बुडवली. ती तांबडी झाली, बघता बघता. दुसरी वाया घालवायचं कारण नव्हतं, तरी त्यानं बुडवली. तीही तांबडी. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फोन वाजला. मुलगी.

"बाबा, लावलं का आईला? कसं वाटतंय?"

"भाजलं."

"भाजलं म्हणजे? प्रमाण चुकलं असेल तुमचं. व्हिडिओत एकच चमचा लिंबू सांगितलंय."

"एकच घातलं."

"मग मध कमी पडला असेल. थांबा, मी दुसरा पाठवते. तुम्ही आपल्या मनानं काही करू नका हं."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र त्या 'बरं'चा त्याला इतका राग आला की त्यानं ती वाटी मोरीत आपटली. वाटी स्टीलची होती. नुसतीच ठणठणली.

दुपारी त्यानं घरातलं एकेक काढून ओट्यावर मांडलं. अंगाचा साबण पाण्यात घोळला, तांबडी पट्टी लगेच निळी झाली. म्हणजे हा झोंबणारच. भांड्यांचा साबण, शाम्पू, मध, दही. कोणी इकडे ओढत होतं, कोणी तिकडे. शेवटी ओट्सचा डबा हाती आला, आजारपणात तिच्यासाठी आणलेला. मूठभर ओट्स मिक्सरला लावले. पाणी उकळून गार केलं, त्यात पीठ भिजवलं. अर्ध्या तासानं गाळायला गेला तर चहाच्या गाळणीतून चिकट लगदाच खाली उतरला. बोटं बुडवली तर शेंबडासारखं. तेही ओतून दिलं.

"आता काय दळताय?" खोलीतून आवाज आला.

"काही नाही."

"मग बंद करा ते. डोकं उठलंय."

मंगळवारी सकाळी त्यानं मऊ सुती ओढणी फाडून चौपदरी केली. या वेळी पीठ कमी, पाणी जास्त, आणि पिळायचं नाही, नुसतं ठिबकू द्यायचं. पाऊण तास तो ओट्याशी उभा राहिला. खाली पातळ, दुधाळ पाणी साठलं. मेडिकलमधून आणलेल्या ग्लिसरीनचे चार थेंब त्यात टाकले. मग दोन पट्ट्या. निळी निळीच राहिली, तांबडी तांबडीच. कोपराच्या आतल्या बाजूला त्यानं ते चोळलं आणि दिवसभर बाही वर करून फिरला. संध्याकाळी कातडी होती तशीच होती. उरलेलं पाणी मात्र तोवर आंबूस वास मारायला लागलं होतं. म्हणजे हे रोजच्या रोज करायचं, शिळं ठेवायचं नाही.

बुधवारी ताजं करून तो वाटी घेऊन खोलीत गेला. पडदे ओढलेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून अख्ख्या वस्तीला तोंड दाखवलेली बाई गेले अकरा दिवस शेजारणीलाही दारातून परतवत होती.

"हे बघ. हे झोंबणार नाही."

"मी काय तुमची परीक्षानळी आहे?"

"स्वतःच्या हाताला लावून बघितलंय मी. काल दिवसभर."

"तुमची कातडी गेंड्याची. ठेवा तिकडे."

"अगं, परवा शुक्रवार आहे. मलम लागलं नाही तर तो माणूस गोळ्या..."

"माहितेय मला!" ती उठून बसली. "तुम्ही सांगायला नको. सोमवारीही असंच आणलंत ना समोर?"

"सोमवारचं वेगळं होतं!" त्याचा आवाज एकदम चढला. इतका की दोघंही दचकली. "ते आम्ल होतं. दूध फाटलं होतं माझ्यासमोर. मला माहीत होतं ते झोंबणार. पट्टी न लावताही कळत होतं."

ती बघत राहिली. "माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. नेहमीचंच उत्तर, जिभेवर बसलेलं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "वाटी हातात घेऊन मी विचारलं, लावू ना? तुम्ही म्हणालात, पोरगी म्हणतेय तर लाव."

त्याला आठवलं. अगदी असंच म्हणाला होता तो. हातातली वाटी त्यानं स्टुलावर ठेवली. चेहरा तापलेला त्याला आतून कळत होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग पलंगाच्या कडेला बसून त्यानं सांगायला सुरुवात केली. साबणाचं काय होतं, लिंबाचं काय, पट्ट्या का बदलतात, या पाण्यात का बदलल्या नाहीत. पहिल्यांदा लगदा कसा झाला, ओढणी कुठली फाडली. तेहतीस वर्षांत एवढं सलग तो कधी बोलला नसेल. ती मध्ये एकदाच म्हणाली, "कुठली ओढणी? मोरपंखी?" मग, "मेली माझी ओढणी."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. नवीन व्हिडिओ मिळाला होता.

"नको," तो म्हणाला. "मी केलंय."

"अहो बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"कळतं," तो म्हणाला. "संध्याकाळी बोलू."

फोन ठेवून तो वळला तेव्हा तिनं पदर खांद्यावरून मागं सारला होता आणि डोळे मिटले होते. त्यानं हात धुतले, कापसाचा बोळा वाटीत बुडवला, आणि आधी कानाच्या मागे, केसांच्या कडेला टेकवला. ती आक्रसली. तो थांबला.

"गार आहे," ती म्हणाली. "झोंबत नाही."

मग गाल. मग हनुवटी. जुन्या मलमाचा पिवळट थर बोळ्यावर येत होता. मानेच्या वळीत एके ठिकाणी तिनं त्याचं मनगट धरलं, आणि तिथलं तसंच सोडून तो पुढं गेला. खालची कातडी लालच होती, जागोजागी सुटलेली. शुक्रवारी डॉक्टर काय म्हणतील, सांगता येत नव्हतं. इतक्या जवळून तो तिचा चेहरा किती वर्षांनी बघत होता, तेही सांगता येत नव्हतं. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. तो कधी आला, त्याला ठाऊकच नव्हतं.

सगळं झाल्यावर तो टॉवेल घ्यायला उठला. परत आला तेव्हा ती पलंगावर नव्हती. एका हातानं भिंत धरत ती गॅलरीच्या दारापर्यंत गेली होती, आणि पडदा बाजूला करून उंबऱ्याशी उभी होती. समोरच्या घरातून कुणी पाहिलं असतं तर दिसली असती.

"पुसू?" त्यानं विचारलं.

"नको. वाळू दे."

तो टॉवेल हातात घेऊन तिच्या मागं उभा राहिला. हनुवटीवरून एक थेंब सुटला, ब्लाउजवर पडला. तिनं तो पुसला नाही.