ठमीने फाडलेल्या पिशव्या

मित्रांनो, शहापूरच्या डोंगरउतारावर, ठमीच्या शेताच्या बांधाला काट्यांची एक जुनी जाळी दिसेल. ती मी, करवंदी. मला कुणी लावलं नाही. पाखरांनी टाकलेल्या बीतून मी उगवले. दर वैशाखात ठमी माझी करवंदं पानांच्या द्रोणात घालून शहापूरच्या बाजारात विकते. माझी फळं बारीक, पण पानांवर करपा रोगाचा ठिपका कधी पडला नाही.

तेच ऐकून एका माघात मुरबाडहून जयाताई आल्या. त्यांच्या रोपवाटिकेत माझ्याच कुळातली, टपोऱ्या फळांची परदेशी झुडपं करप्याने झडत होती. त्यांनी चिमट्याने माझ्या कळ्या उघडून पुंकेसर काढले, त्या झुडपांचे पराग कुंचल्याने लावले आणि वर कागदी पिशव्या बांधल्या. मला ते मुळीच रुचलं नाही. न विचारता अंगाला हात लावणारी माणसं मी पाहिली होती. बहुतेकांच्या हाती कोयता असे.

ठमीलाही संशय आलाच. "हिच्या अंगाला काय बांधलंस गो?"

"दोन जातींचं लगीन लावतेय, मावशी. रोग न लागणारं रोप मिळावं म्हणून."

"भातसा धरनाचा पानी मुंबयला नेला. आता आमची करवंदा नेशील."

जयाताई गेल्या तशा ठमीने पिशव्या ओरबाडल्या. कळ्याही तुटल्या. आत काट्यांत एकच पिशवी राहिली, तिथवर तिचा हात पोचला नाही.

वैशाखात जयाताई परतल्या. फाटके कागद पाहून त्यांनी काट्यांत हात घातला. उरलेल्या पिशवीत एक करवंद होतं, त्यात चार बिया.

"माझं वर्ष गेलं, मावशी," त्या ठमीला म्हणाल्या. "पण चूक माझीच. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

ठमीने विखुरलेले कागद गोळा केले. "जगला तर पयला रोप माझ्या बांधावर. नायतर मला पटायचा नाय."

त्या चार बियांच्या रोपांपैकी तीन मुरबाडला करप्यानेच गेली. चौथं मात्र रोगट झुडपांच्या मधोमध हिरवंगार राहिलं. त्याच्या फांदीपासून केलेलं पहिलं रोप जयाताईंनी माझ्या शेजारी लावलं. दोन वर्षं ठमी त्याचं पान न् पान उलटून ठिपका शोधत होती. तिसऱ्या वर्षी त्याला माझ्या दुप्पट फळ धरलं. तिने एक करवंद खाल्लं, बिया तळहातावर घेतल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या.

मित्रांनो, संशय घ्यायला माझी ना नाही. मी अजूनही घेते. फक्त रानातल्या काटेरी जाळीवर कोयता उगारण्याआधी जरा थांबा. तिच्या पोटी कुणाच्या दुखण्याचा उतारा आहे, हे तिचं तिलाही ठाऊक नसतं.