एकशे एकोणचाळिसावं पान

थोरलीने फाइलची कॉपी काढली, मागची एकशे आठ पानं निवडली आणि एका बटणासरशी उडवून दिली. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या धाकटीने श्वास रोखला.

"कॉपी आहे," थोरली म्हणाली. "तुझं पुस्तक जागच्या जागी आहे."

उरलेल्या पानांवर तिने स्पेलचेक लावला. तो कुठेही न अडता शेवटापर्यंत गेला. म्हणजे दुखणं मागच्या अर्ध्यात होतं.

दोन दिवस हेच चाललं होतं. स्पेलचेक लावला की पडदा गोठायचा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याशिवाय गत्यंतर नसायचं. धाकटीच्या घरी तेच आणि प्रकाशकांकडेही तेच. आज पाचपर्यंत धड चालणारी फाइल मिळाली नाही, तर छापखान्यातली तारीख दुसऱ्या पुस्तकाला जाणार होती आणि हिचं पुस्तक पुढच्या वर्षावर. म्हणून ती पेनड्राइव्ह पर्समध्ये घालून दोन तास बसमध्ये उभी राहून बहिणीच्या टायपिंगच्या दुकानात आली होती. साडेतीन वाजून गेले होते.

थोरली बावीस वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करत होती. हँग होणाऱ्या फाइली तिने ढिगाने सोडवल्या होत्या. त्यात अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते. फाइल अर्धी करायची, कुठला अर्धा अडतो ते बघायचं, मग त्याचं अर्धं करायचं. चिकाटी तिच्याकडे होती. आज मन नव्हतं. "ताई, मी बाबांवर पुस्तक लिहितेय," असं धाकटीने सहा महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलं, त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखत होतं, आणि कशाने दुखतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा ती "वा, छान" म्हणाली होती. फोन ठेवल्यावर सगळा राग भांड्यांवर निघाला होता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शेवटची दोन वर्षं ते थोरलीकडे होते. धाकटी महिन्यातून एकदा फळं घेऊन यायची, उशाशी बसून बाबांना जुन्या गोष्टी विचारायची, वहीत टिपून घ्यायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. अंघोळ, औषधं, चादरी, चिडचिड, हे सगळं थोरलीच्या वाट्याला. आणि पुस्तक मात्र हिचं. त्यात वाईट काय, असं थोरलीने स्वतःला अनेकदा विचारून पाहिलं होतं. पण विचारून दुखणं थोडंच थांबतं.

अर्ध्याचं अर्धं करताना ओळी डोळ्यांपुढून जात होत्या. नको म्हटलं तरी वाचलं जात होतं. एका ठिकाणी होतं, "आजारपणात आम्ही बाबांची दाढी करून द्यायचो." थोरलीने ते दोनदा वाचलं. या आम्हीतल्या एकीने वस्तरा कधी हातात धरला नव्हता.  पुढची सत्तावीस पानं तिने जरा जोरातच उडवली.

धाकटी घाबरली की बोलत सुटते. आताही तिची टकळी चालू होती. मुखपृष्ठ कसं झालं, कागद कुठला घेतलाय, संपादक किती कडक आहेत. बाबा गेल्यावर त्यांचा जुना कॉम्प्युटर तिने आपल्या घरी नेला होता आणि त्यावर तिला त्यांनीच लिहिलेलं एक पान सापडलं होतं. ते तिने पुस्तकात जसंच्या तसं घातलं होतं आणि संपादकांना नेमकं तेच सगळ्यात आवडलं होतं.

"काय म्हणाले माहितीय? पुस्तक चांगलं आहे, पण यात लिहिणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे तुमचे वडील." धाकटी हसली. "खोटं कशाला बोलू, थोडं लागलं मला. मग म्हटलं, बाबाच तर आहेत. बाबांपुढे हरायला काय जातंय."

थोरलीने नुसतं "हं" केलं. ती तेरा पानांवर आली होती. मग सातावर. मग तीन. आणि एकशे एकोणचाळिसाव्या पानावर येऊन पडदा गोठला.

यंत्र पुन्हा सुरू करून तिने ते पान उघडलं. वर मथळा होता, "बाबांच्या शब्दांत". त्याखाली पानभर नुसते कंस, टक्क्यांच्या खुणा आणि अर्धवट चौकोन. एक अक्षर लागत नव्हतं.

"हे काय झालं?" धाकटी म्हणाली. "माझ्याकडे तर नीट दिसतं."

तिच्याकडे तो जुना फॉन्ट असेल, म्हणून दिसतं, असं थोरलीने सांगितलं. पूर्वी सगळे त्यातच टाइप करायचे. दुकानात नवं यंत्र आल्यावर आपण तो ठेवला नाही. असा मजकूर नव्या फाइलीत चिकटवला की दिसायला दिसतो, पण स्पेलचेक त्याच्याशी झुंजत बसतो. हे बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा होता. हात मात्र तिने मांडीवर घेतले होते.

बाबांनी उभ्या जन्मात एक ओळ टाइप केली नव्हती. तो कॉम्प्युटर दुकानातून काढून टाकलेला, त्यांना पत्ते खेळायला म्हणून घरी नेलेला. वाचा जवळजवळ गेली होती तेव्हाची गोष्ट. एक अख्खी दुपार ते काहीतरी सांगायला धडपडत होते. लिफ्ट. दिवे गेले. दोन्हीकडे. एवढंच बाहेर आलं. त्या तुकड्यांवरून थोरलीने पानभर लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिने ते त्यांच्या नावाने ठेवून दिलं. कुणाला सांगितलं नाही, कारण विचारलंच नाही कुणी.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. धाकटीच्या घरी जाऊन पान घेऊन यायचं तर चार तास. ते पान काढून टाकू या का, असं धाकटीनेच विचारलं आणि लगेच मान हलवली. ते काढलं तर पुस्तकात राहतं काय, असं पुटपुटताना तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात प्रकाशकांचा फोन आला आणि ती बोलायला बाहेर पायरीवर गेली.

आज नाही होणार, एवढं सांगितलं की संपलं. कुणी दोष दिला नसता. शब्द थोरलीच्या अगदी जिभेवर होते. पण पुस्तक बुडालं असतं तर पानही बुडालं असतं, आणि पुस्तकात लिहिणारा माणूस एकच, हे वाक्य मघापासून तिच्या कानातून हलत नव्हतं.

तिने मूळ फाइलीतले ते कंस आणि टक्के पुसून टाकले आणि टाइप करायला घेतलं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट, गेलेले दिवे, हातातला पाना. खालच्या घरात कुणी हसतंय, वरच्या घरात भांडण चाललंय, आणि दोन्ही घरांना पत्ता नाही की मध्ये माणूस आहे. एका दमात पान झालं. शेवटच्या वाक्यापाशी ती अडली. "आणि मध्ये मी एकटा होतो." हे तिला तेव्हाही पटलं नव्हतं. तिने ते खोडून लिहिलं, "आणि मध्ये मी, दोघांचं ऐकणारा, दोघांच्याही घरचा नसलेला."

धाकटी आत आली ती थेट पडद्यापाशी. जमलं का वाचायला, असं तिने विचारलं. जमलं, असं थोरली म्हणाली. धाकटीने ओठ हलवत पान वाचलं आणि शेवटाला थांबली.

"हे असं नव्हतं. एकटा होतो, असं होतं. तेवढी ओळ मला पाठ आहे."

 शेजारच्या खिडकीत कॉपी उघडीच होती, तिच्यात अजून तेच कंस आणि चौकोन. धाकटीने तिकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. तिथे एक स्टेपलर आणि चष्म्याची डबी सोडून काही नव्हतं. बघून उतरवायला कागद तर नव्हताच.

"हे जास्त चांगलं आहे," ती हळू म्हणाली. "कधी लिहिलं हे?"

"शेवट आत्ता. बाकीचं तेव्हाच."

 थोरलीने सगळ्या पुस्तकावर स्पेलचेक लावला. एकशे एकोणचाळीस आलं आणि गेलं. तपासणी पूर्ण झाल्याची चौकट आली. पाचाला बारा कमी होते.

"नाव बाबांचंच राहू दे," थोरली म्हणाली. धाकटी नाही म्हणेल, 'अगं, असं कसं' म्हणेल, म्हणून ती क्षणभर वाट बघत राहिली.

"तेच बरं, ताई."

विचार करायलाही वेळ न घेता म्हणाली. थोरलीने मान वर करून पाहिलं. धाकटी हसत होती, ओठ घट्ट मिटून. "छान झालंय," असंही म्हणाली. हा चेहरा थोरलीने सहा महिने रोज आरशात पाहिला होता. तिला एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याची लाजही वाटली. फाइल पाठवून ती चहा टाकायला आत गेली.

बाहेर धाकटी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, आता हलक्या आवाजात. शेवटच्या वाक्याशी ती थांबली. मग तेवढंच वाक्य तिने पुन्हा म्हणून पाहिलं, एकदा जुनं, एकदा नवं. थोरलीने गॅस बारीक केला आणि चमचा फिरवायचा थांबवला, नीट ऐकू यावं म्हणून.