छत्रीवाले कोंबडे

गोऱ्यांच्या देशांतून विकायला आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडताना मान्साला आजवर काय काय सापडलं होतं. एकदा तर पँटच्या खिशात कवळी. पण त्या दिवशी एका कोटाच्या फाटक्या अस्तरातून कागदी पाकीट निघालं, आणि ते बघून शेजारच्या गाळ्यातली शिंपीण एकुआ मशीनवरून अशी उठली की स्टूल आडवं झालं.

"आण इकडे! फाडशील!"

"अगं, कागद आहे बाई, बाळ नाही," मान्सा म्हणाली.

पाकिटावर तीन पुरुष रंगवलेले. तिघांच्या तोंडात पाइप, केस चापून बसवलेले, आणि अंगात अर्ध्या बाह्यांचे, उघड्या कॉलरचे झोकदार शर्ट. साठेक वर्षांपूर्वीची फॅशन असावी. आत कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कागदावर शर्टाचा भाग न् भाग छापलेला. कुणीतरी हा बेतण्याचा नमुना हौसेनं घेतला होता आणि कात्री लावायची राहूनच गेली होती.

केप कोस्टच्या त्या बाजारात कागद ठेवून कापणारी शिंपीण औषधालाही नव्हती. माप घ्यायचं, खडूनं थेट कापडावर रेघ ओढायची आणि कात्री चालवायची. एकुआ तरुणपणापासून हेच करत आली होती. पण तिच्या मनातल्या एका शर्टाच्या बाबतीत माप घेण्यापाशीच घोडं अडलं होतं.

शर्ट शिवायचा होता क्वामेनासाठी. हा बाजारातली मशिनं दुरुस्त करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं गोड, हात काळे. सगळी मशिनं त्याच्याच हाताखालून जायची, पण एकुआच्या मशीनची तब्येत इतरांपेक्षा जरा जास्तच नाजूक होती. एक स्क्रू तर ती स्वतःच सैल करून ठेवते, हे मान्सानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एकुआही विधवाच. तिनं मनाशी ठरवलं होतं, शर्ट शिवून द्यायचा. त्यानं घातला, तर त्याच्याही मनात आहे असं समजायचं. नाही घातला, तर स्क्रू घट्ट बसवायचा तो कायमचा. पण भर बाजारात त्या माणसाला टेप लावायची कशी? सगळ्या गाळ्यांतून माना बाहेर आल्या असत्या.

आणि इथे पाकिटावर सरळ छापलेलं, छाती चाळीस.

"चाळीसच आहे त्याची," एकुआ म्हणाली. गाल तापले होते तिचे.

"तुला गं कसं माहीत?"

"मशीनखाली वाकतो तेव्हा दिसतं."

"मीही बघते की. मला नुसती पाठ दिसते!"

कापड घ्यायला दोघी मिळूनच गेल्या. तिथली कापडं बोलतात; प्रत्येक नक्षीला म्हणीसारखं एक नाव असतं. एक नक्षी म्हणते, तू गेलास तर मीही जाईन. दुसरी म्हणते, शेजारणीनं तोंड आवरावं. एकुआला काहीच न बोलणारं कापड हवं होतं, म्हणून तिनं नुकतंच आलेलं, अजून नाव न पडलेलं उचललं. निळ्या जमिनीवर पिवळे कोंबडे, आणि प्रत्येकानं एका पंखात उघडी छत्री धरलेली.

"हे काही बोलत नाही ना?" तिनं विचारलं.

"बोलत नाही," मान्सा म्हणाली. "बोंब मारतंय."

दुसऱ्या दिवशी एकुआनं गिऱ्हाइकांना उद्यावर टाकलं आणि कापड पसरलं. पाकिटातल्या चित्रात कापड वाचवायला भाग उलटसुलट मांडले होते. तसं केलं असतं तर पाठीवरचे झाडून सगळे कोंबडे डोक्यावर उभे राहिले असते. ती वारभर कापड जास्त घेऊन आली होती. एकेकाला पायांवर उभं केलं. बटणपट्टीवर कुणाची चोच अर्धी जाऊ नये, खिसा असा बसावा की खालच्या कोंबड्याची छत्री वर बरोबर जुळावी. तोंडात टाचण्या आणि तरी गुणगुणणं चालूच. कागदाभोवती तिनं खडूची रेघ ओढली, हाताला होती त्या सवयीनं शिवणीसाठी दोन बोटं माया सोडली, धुतल्यावर कापड आटतं म्हणून आणखी एक बोट, आणि कात्री घातली. कात्री अशी सुळसुळ गेली की तिला वाटलं, आता आपण काहीही शिवू शकतो. जहाजाचं शीडसुद्धा.

शर्टाला इस्त्री फिरते न फिरते तोच क्वामेना हजर.

"मॅडम, आज काय दुखतंय मशीनचं?"

"काही नाही. ठणठणीत आहे." तिनं पुडकं पुढे केलं. "एका गिऱ्हाइकानं शिवायला टाकला, नेलाच नाही. तुम्हाला होतो का बघा."

त्यानं कागद जरासा उघडला. आतून एक कोंबडा त्याच्याकडे बघत होता.

"आणि तो परत आला तर?"

"नाही येणार."

"मेला की काय?"

पलीकडे मान्साला एकाएकी खोकल्याची उबळ आली. क्वामेनानं पुडकं काखेत मारलं आणि तो गेला.

आता वेळ घालवायचा कसा? एकुआनं पाकिटातला सूचनांचा कागद उलगडला. आजवर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं; शिवणं काय कुणी वाचून करतं? वरच ठळक छापलं होतं, शिवणीची माया नमुन्यातच धरलेली आहे. तिनं पुन्हा वाचलं. मग आपली तीन बोटं डोळ्यांसमोर धरली.

"मान्सा! मी त्याला तंबू शिवला!"

मान्सा हसून हसून गठ्ठ्यावर कोसळली. "बरंच झालं की! कोंबड्यांनाही झोपायला जागा."

"दात काय काढतेस? आता त्यानं नाही घातला तर मी काय समजू? मनात नाही म्हणून, की मापात नाही म्हणून?"



सकाळी बाजार भरला. एकुआ एकच शिवण घालत होती आणि उसवत होती. तेवढ्यात मासळीच्या बाजूनं हसण्याची एक लाट उठली. ती टोमॅटोवाल्यांपर्यंत आली, मग साबणवाल्यांपर्यंत. एकुआ उभी राहिली. डोक्यांवरच्या टोपल्यांमधून तिला काहीतरी निळं दिसलं, मग पिवळं दिसलं.

क्वामेना येत होता. मागच्या बोळातून आला असता तर थेट तिच्या गाळ्यापाशी निघाला असता. पण तो सगळ्या बाजारातून येत होता, थांबत, विचारपूस करत, वरातीतल्या नवरदेवासारखा. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या कोपराखाली, आणि वाऱ्यानं कोंबडे पंख फडफडवत होते.

"क्वामेना, आत अजून कोण आहे रे?" मासळीवाली ओरडली.

"सध्या एकटाच आहे!" त्यानं सांगितलं. पुढच्या गाळ्यावर कुणी विचारलं, तिथेही तेच सांगितलं.

तो एकुआसमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमचं ते गिऱ्हाईक चांगलंच धष्टपुष्ट होतं म्हणायचं."

"काढा तो," एकुआ म्हणाली. कुठे बघावं तिला कळेना. "बाजूनं आत घेते. घटकाभराचं काम."

"कात्री लावायची नाही याला." त्यानं दोन्ही हातांनी शर्ट पोटाशी धरला. "मीच अंगानं भरेन हळूहळू. एकट्यापुरतं शिजवून खातो मी, एकुआ, अंगी लागत नाही."



एकुआनं घसा साफ केला. "दुपारी शेंगदाण्याचा रस्सा आहे. बकऱ्याचं मटण घालून." मग जरा थांबून म्हणाली, "फुफूचे उकडलेले कंद कुटायला मात्र हात लागेल कुणाचा तरी."

"हा काय," म्हणत त्यानं तिथेच एक बाही वर दुमडायला घेतली. ती दुमडून दुमडून संपेचना. शेवटी एकुआच पुढे झाली, सगळ्या बाजारादेखत त्याचा हात धरला आणि बाही दुमडू लागली.