मोजलेला ढीग

वाशीमहून रिठदवरून रिसोडला जाणारी सडक कशी झाली, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. गाड्यांचे आख मोडायचे थांबले, बाजारात पोचेपर्यंत वांगी सुकायची थांबली, असं सगळे हौसेनं सांगतील. सांगू देत, खोटं नाही ते. पण आमच्या मळ्यापाशी त्या सडकेत माझा भाऊ आहे, हे कोणी सांगत नाही. म्हणून मला सांगावं लागतं.

जगदेव माझ्या आधीचा. मी त्याला पाहिलंच नाही. अडीच वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला. एवढ्याशा लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माझ्या बापानं, नथ्थूनं, त्याला मळ्याच्या धुऱ्यावर, बांधाशी पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर काळ्या दगडांचा ढीग रचला. माय, गोजराबाई, रोज भाजी तोडायला जाताना त्या दगडांवर हात ठेवायची आणि मगच पुढे जायची.

धुऱ्याला लागून गाडवाट होती. तिचीच पक्की सडक करायचं निघालं. लाल निशाणं लागली आणि मायचं अन्नावरचं मन उडालं. "आपल्या पोट्ट्याच्या अंगावरून गाड्या जातीन का वो?" एवढं एकच ती विचारत राहायची. शेवटी बाप मुकादमाकडे गेला. हेमसिंग मुकादम तांड्यावरचा, भला माणूस. त्यानं स्वतः येऊन जागा पाहिली, डोक्याचं पागोटं उतरवलं आणि म्हणाला, "घोर करू नको, नथ्थूभाऊ. सडक अलीकडूनच जाते. मी हाये तोवर ह्या दगडाईले कोणी हात लावणार नाही."

त्यानं शब्द पाळला. पावसाळा सरला, कामाला जोर आला. सडकेच्या दोन्ही अंगांना खदानीतल्या दगडांचे ढीग पडले. हेमसिंग एकेक ढीग मोजायचा आणि मोजून झाला की त्यावर चुना शिंपडायचा. चुना दिसला म्हणजे ढीग मोजलेला. आता फोडा आणि पसरा. मजुरांना एवढं पुरे होतं. ढिगांवर पांढरं काय दिसतं, हे माझ्या बापानंही पाहिलं होतं. कशासाठी, ते त्यानं कधी विचारलं नाही. तो बरा, त्याच्या मिरच्या बऱ्या.

मग दिवाळी आली. बापानं घराच्या भिंतींना चुना दिला आणि उरलेला चुना घेऊन धुऱ्याकडे निघाला.

"तिकडं कायले नेता?" मायनं विचारलं.

"आपल्या घराले चुना देला, मंग त्याच्या घराले नको? त्याची बी दिवाळी हाये. अन् दुरून दिसन बी. कोणी चुकून हात लावणार नाही."

माय हसली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा हसली, असं माझी आत्या, आवडाबाई, अजून सांगते. दोघांनी मिळून एकेक दगड पांढरा केला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं भाऊबीजेला मायच्या माहेरी रिसोडला गेली. हेमसिंगही सणासाठी तांड्यावर गेला होता. त्याच्या मागं कामावर मजुरांची नवी टोळी आली.

माय-बाप परतले तेव्हा ढीग नव्हता. धुऱ्यावर मुरूम पसरून सगळं सपाट झालं होतं. लेकरू नेमकं कुठं होतं, हेही आता कळेना. सडकेवर नवी गिट्टी पडली होती आणि तिच्यात कुठं कुठं पांढरी कड दिसत होती. माय त्या गिट्टीत बसली आणि पांढरे तुकडे वेचून ओटीत घेऊ लागली.

टोळीतली एक बाई घाबरून म्हणाली, "माय, त्याच्यावर चुना होता वो. आमाले वाटलं, मोजेल हाये."

हेमसिंग आला तो रडतच. "चुना काहून लावला रे, भाऊ? मले एक डाव इचारलं असतं!" पुढे त्या गिट्टीवरून दगडी रूळ फिरला.

माय बापाला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर तो त्यातून सुटला असता, असं मला वाटतं. त्यानं पुन्हा कधी घराला चुना दिला नाही. दिवाळीत आमचंच घर तेवढं मातीच्या रंगाचं, आणि लोक त्याला चिक्कू म्हणून चिडवायचे. रिसोडच्या बाजाराला तो टोपलं डोक्यावर घेऊन शेताशेतातून, चिखल तुडवत जायचा. माझा बाप वेडा आहे, असं मलाही लहानपणी वाटायचं आणि मी त्याच्यावर चिडायची.

माझ्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला भाऊ नव्हता. आत्याचा मुलगा उभा केला. सासरी निघाले, तेव्हा मायनं मळ्यापाशी गाडी थांबवायला लावली.

"विजे, उतर. एवढं पायी चाल. तुया भाऊ तुले पोचवून राह्यला."

मी वहाणा काढल्या. सडक तापली होती. मायनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी चालू लागलो. मागं पाहिलं, तर बाप मळ्यातच उभा.

"बाबा, या ना!"

तो सडकेपर्यंत आला. पाय उचलला आणि पुन्हा मागं घेतला.

"तू जाय, बाई," तो म्हणाला. "मीच माया हातानं मोजून देला त्याले. मी कसा पाय ठिवू?"