बरणीवरच्या उलट्या फुल्या

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की कुणीतरी गणिताच्या वहीची पाने चिकटपट्टीने जोडली आणि त्यांवर मुंग्या सोडल्या. जवळ येऊन पाहाल तर त्या मुंग्या नाहीत, खुणा आहेत. टिंब, तिरपी रेघ, त्रिकोण, अर्धा भरलेला चौकोन. प्रत्येक खुणेचा एक दोरा ठरलेला आहे. मी एक जुना नमुना आहे, फुलीच्या टाक्याचा, म्हणजे तुम्ही ज्याला क्रॉस स्टिच म्हणता त्याचा. माझ्या घड्या विरल्या आहेत, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे, आणि माझ्या अंगावर कुठे पिवळी तर कुठे निळी पेन्सिल फिरली आहे. ही दोन रंगांची पेन्सिल कशी आली, तेच मला सांगायचे आहे.

मला या घरातल्या लेकीने घडवले. तिला एक जुने चित्र फार आवडायचे. शेकडो वर्षांपूर्वी कुण्या चित्रकाराने रंगवलेले. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवते आहे, शेजारच्या टेबलावर पाण्याने भरलेली काचेची बरणी आहे, बस्स. लेकीने त्या चित्राचा फोटो कॉम्प्युटरला दिला. कॉम्प्युटरने त्याचे बारीक बारीक चौकोन केले आणि प्रत्येक चौकोनाला बाजारात मिळणाऱ्या दोऱ्यांतला सर्वांत जवळचा रंग नेमून दिला. चित्रकाराने कुंचल्याच्या एका ओढीत भिंतीवर जी सावली आणली असेल, तिच्या जागी माझ्याकडे आल्या ओळीने मांडलेल्या खुणा. माझ्याकडे पाहून त्या बाईचा चेहरा कुणाला दिसत नाही. खरे सांगायचे तर आपल्या अंगावर एक बाई बसली आहे, हे मलासुद्धा कित्येक दिवस ठाऊक नव्हते.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायला निघाली, तेव्हा तिने मला आईच्या हातात ठेवले.

"आई, नव्या घरातली एक भिंत मी रिकामी ठेवलीय. खिळासुद्धा ठोकलाय. तिथे तुझ्या हातचं हेच लागणार."

"अगं, जन्म गेला माझा मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करण्यात. हे असलं नाजूक काम मला जमेल का?"

"खिळा वाट बघेल," लेक म्हणाली.

आईने कपडे दुरुस्तीचे आपले छोटे दुकान नुकतेच बंद केले होते, त्यामुळे तिच्या हातांना काम हवेच होते. तिने मॅटीचे कापड आणले. मॅटी म्हणजे जाळीसारखे विणलेले कापड, ज्याची भोके मोजता येतात. ते चौघडीत दुमडून तिने मधला बिंदू काढला, कारण असे चित्र मधूनच सुरू करतात. कडेने सुरू केले आणि मोजण्यात चूक झाली तर बाई अर्धी कापडाबाहेर जायची. मग मला खिडकीपाशी एका पाटीवर लावले आणि पहिला टाका घातला. जो चौकोन भरून होई त्यावर ती पिवळी पेन्सिल फिरवी. पहिला पिवळा चौकोन माझ्या अंगावर उमटला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या.

ते माझे सर्वांत सुखाचे दिवस. कापडावर खिडकी उगवली, भिंत आली, टेबल आले, बाईचे हात आले. शेजारीण रोज डोकावून जाई आणि कापडाची मागची बाजूसुद्धा उलटून पाही, कारण टाक्यांची खरी परीक्षा मागेच असते. तिथेही एक गाठ सापडत नसे. लेकीचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, वर्तमानपत्राच्या आडून सगळे पाहत असत.

"दोन वर्षं झाली त्या बाईला खिडकीत बसवून," ते म्हणत. "एकदा चहाचं तरी विचारा तिला."

"तिला तोंड आलं की विचारते," आई म्हणायची. चेहरा तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. हात पुरता बसल्यावर चेहरा, असे तिचे ठरलेले होते.

आणि एके सकाळी ओल्या फरशीवरून आईचा पाय घसरला. उजवे मनगट मोडले.

प्लास्टरमध्ये हात गळ्यात बांधून आई बसून राही. त्या वेळी दोनच गोष्टी कोऱ्या होत्या, टेबलावरची बरणी आणि बाईचा चेहरा. इथे या घरातली सून गोष्टीत येते. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सून चष्म्याच्या दुकानात भिंगे तपासून चौकटीत बसवायचे काम करी. तिच्या मनात आले, आईंना खूश करावे. बरणीच निवडली तिने. काच तर तिच्या ओळखीचीच होती. सुटीच्या दिवशी आईचा डोळा लागला की ती मला घेऊन मागच्या खोलीत बसे. दुकानातून आणलेल्या निळ्या पेन्सिलीने ती माझे चौकोन रंगवी. एकही रंग तिने चुकवला नाही. याची साक्ष मी देतो.

प्लास्टर निघाले, पण बोटे वळेनात. डॉक्टर म्हणाले, घास घेता येईल, बटणे लावता येतील, चिमटीत सुई धरायचे मात्र सध्या विसरा. आई घरी आली आणि कापड मांडीवर घेऊन खिडकीत बसली. दुपारचे ऊन तिरपे येत होते. सून दाराशी उभी, चेहऱ्यावर हसू मावेना.

"हे कुणी केलं?" आईने विचारले.

"मी! आवडली का बरणी?"

"उलटी आहे."

"उलटी कशी? एक एक खूण ताडून बघितलीय मी, आई. रंग सगळे बरोबर आहेत."

"रंगाचं कुठे म्हणतेय मी? टाके बघ. या उन्हात धरून बघ."

मित्रांनो, फुलीला दोन पाय असतात. आधी एक तिरपा टाका, मग त्याच्यावर दुसरा. वरचा पाय कोणत्या बाजूला झुकतो हे सगळ्या चित्रात एकसारखे असावे लागते, कारण दोरा ज्या दिशेला पडतो त्या दिशेने तो उजेड परत पाठवतो. आईच्या सगळ्या फुल्यांचा वरचा पाय डावीकडे झुकलेला होता. सून डावरी. तिचा हात आरशातल्यासारखा चाले, म्हणून तिच्या फुल्यांचा वरचा पाय उजवीकडे झुकला. समोरून पाहिले तर काहीच कळत नव्हते. तिरप्या उन्हात मात्र बरणी बाकी चित्रातून वेगळी होऊन लकाकत होती, जुन्या भिंतीवर नवा गिलावा द्यावा तशी. आणि मी? माझ्यात रंग कुठला आणि जागा कुठली एवढेच लिहिलेले आहे. पाय कुठे झुकवायचा, हे माझ्यात नाहीच.

आईने उसवायला कात्री घेतली. कात्री तिच्या बोटांतून निसटून खाली पडली. सून ती उचलायला वाकली तर आई म्हणाली, "राहू दे. काही करू नकोस."

तिने कापडाची आणि माझी एकत्र गुंडाळी केली, एका उशीच्या अभ्र्यात घातली आणि नानांना ती कपाटाच्या माथ्यावर ठेवायला सांगितली. नानांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

अभ्र्यात अंधार होता आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. खालून घरातले आवाज मात्र ऐकू येत. लेकीचा फोन आला की ती विचारी, "आई, कुठवर आलं?" आणि आई म्हणे, "होतंय." मला तो शब्द टोचायचा. काही होत नव्हते. कापडावर एक बाई बिनचेहऱ्याची बसली होती, आणि दूर कुठल्याशा गावात एक खिळा रिकामा होता. आपण कुणाला नको झालो याचे दुःख मला होतेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हे काम राहिले तर आई पुन्हा कधी सुईकडे पाहणार नाही, आणि सून पुन्हा कधी तिच्यासाठी काही करायला धजणार नाही. दोघी स्वयंपाकघरात मीठ-साखरेपुरतेच बोलत.

सुनेने मात्र हार मानली नव्हती. चिंधीवर ती आईसारखी फुली घालण्याचा सराव करी. चार फुल्या नीट येत, पाचवीला हात आपल्या वळणावर जाई. आपल्याच हाताशी तिचे भांडण चालले होते.

मग एकदा तिने नानांचा नवा चष्मा घरी आणला. नानांना सिलिंडरचा नंबर होता, म्हणजे त्यांची काच एकाच दिशेला जास्त वळलेली. असा चष्मा तपासताना तो हातभर लांब धरतात, त्यातून एखादी सरळ रेघ पाहतात आणि चष्मा गोल फिरवतात. काच फिरली की आतली रेघ झुकते. सून खिडकीचे गज पाहत होती. गज एका बाजूला झुकले, सरळ झाले, दुसऱ्या बाजूला झुकले.

"काय गं, गज मोडलेत की माझे डोळे?" नानांनी विचारले.

चष्मा त्यांच्या हातात कोंबून ती चिंधी घेऊन बसली. चिंधी तिने पाव फेरी फिरवली, म्हणजे वरची कड उजव्या हाताला आणली, आणि आपल्या डाव्या हाताला जशी येते तशी फुली घातली. मग चिंधी पुन्हा सरळ केली. वरचा पाय डावीकडे झुकला होता. अगदी आईचा.

ती आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, माझा हात काही बदलायचा नाही. पण कापड फिरवता येतं."

आईने चिंधी उन्हात तिरपी धरली. अंगठा फिरवून पाहिला. "पुन्हा करून दाखव," ती म्हणाली. सुनेने ओळभर फुल्या घातल्या. आईने ती ओळही उन्हात धरली. मग नानांना म्हणाली, "अहो, तो अभ्रा काढा खाली."

त्यानंतरचे दिवस गमतीचे होते. कापड आडवे, म्हणून मीही आडवा. सून टाके घाली आणि आई मान वाकडी करून माझ्यावरून खुणा वाची. "त्रिकोण तीन, मग टिंब. टिंब म्हटलं मी, हा फिकट नाही, त्याच्या शेजारचा."

"बाई आडवी झाली शेवटी," नाना म्हणाले. "दमली असेल बिचारी."

गालापाशी आल्यावर सून थबकली. "आई, इथे तर हिरवट दोरा सांगितलाय. गालावर हिरवा?"

"घाल तू."

तिने घातला. जवळून तो बुरशीसारखा दिसला. दोघींनी कापड खुर्चीवर उभे केले आणि त्या दारापर्यंत मागे गेल्या. तेवढ्या अंतरावर डोळ्याला एक एक फुली वेगळी दिसत नाही, शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. तिथून हिरवा दिसेना. खिडकीचा उजेड जिथे पोचत नाही ती गालाची सावली दिसली, आणि बाई दोऱ्याच्या टोकाकडे डोळे बारीक करून पाहू लागली. माझ्या अंगावर इतके दिवस कोण बसले होते, ते मला त्या दारातल्या दोघींच्या चेहऱ्यांवरून कळले.

नानांनी तिला चहाचे विचारले.

चेहरा पुरा झाला तेव्हा सूनच कात्री घेऊन आली. "आता बरणी उसवते. सरळ करून टाकू."

आईने कापड जवळ ओढून घेतले. "हात नको लावूस तिला."

"पण उलटी आहे ना, आई."

"काच आहे ती. काच चमकायचीच."

लेक चित्र न्यायला आली. तिने ते खिडकीत तिरपे धरले आणि तिच्या लगेच लक्षात आले. "ही बरणी अशी वेगळी कशी काय लकाकते गं?"

"वहिनीची आहे ती," आई म्हणाली, आणि सगळी हकिकत सांगितली. पडण्यापासून अभ्र्यापर्यंत, स्वतःचा राग न वगळता. लेकीने मला उचलले, पालथे घातले, पुन्हा सुलटे केले. पाय कुठे झुकवायचा हे तिला माझ्यात सापडले नाही. मग तिने माझ्या समासात दोन छोट्या फुल्या काढल्या. एकीचा वरचा पाय डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. मधे एक वळलेला बाण.

"हा कागद पार गेलाय," ती म्हणाली. "मी नवा कोरा छापून पाठवते, फाईल आहे माझ्याकडे."

"नको, हाच राहू दे," सून म्हणाली.

मित्रांनो, नवा कागद माझ्यापेक्षा स्वच्छ असेल. खुणा त्याच असतील. पण कुठे पिवळी पेन्सिल थांबली आणि कुठे निळी सुरू झाली, हे त्याला कधी कळणार नाही. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. टाक्यांचे चित्र कुठे दिसले तर आधी लांबून पाहा, मग जवळ जा, मग थोडे बाजूला सरकून तिरपे पाहा. एखाद्या जागी उजेड वेगळा परतला तर चूक म्हणून हसू नका, तिथे कुणाचा हात होता ते विचारा. आणि त्या घरात माझ्यासारखा फाटका, माखलेला कागद असेल तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. कोरडा ठेवा, उन्हापासून जपा, घडी एकाच जागी घालू नका. त्याचे काम संपले असे तुम्ही ठरवू नका.

मीही तसेच समजून बसलो होतो. माझ्यात एकही कोरा चौकोन उरला नव्हता. चित्र लेकीच्या खिळ्यावर गेले आणि मी परत अभ्र्यात. पण परवा अभ्र्याचे तोंड उघडले. खिडकीत नवे मॅटीचे कापड होते. आई ताठ बसली होती, उजवा हात मांडीवर निवांत ठेवून. सुई तिच्या डाव्या हातात होती.

"अशी धरू का?" तिने विचारले.

"अंगठा जरा मागे घ्या, आई. हां, अशी."

पहिली फुली वाकडी आली. तिचा वरचा पाय उजवीकडे झुकला होता, बरणीवरच्या फुल्यांसारखा. आईने ती उन्हात धरून पाहिली आणि हसली. मग सुनेने मला सरळ केले, पाटीवर लावले, आणि ती तिसऱ्या रंगाची पेन्सिल शोधू लागली.