मागची ओळ

आमच्या गुणवंतरावाच्या रेडिओची तार मोहाच्या झाडाला बांधलेली. ती आवाज इतका खेचायची, की अस्वल झाडाखाली बसून धानाचे बाजारभाव ऐकायचं आणि भाव पडला की रागानं खोड ओरबाडायचं. खोटं वाटत असेल तर चिमूरकडे या, ओरखडे दाखवतो.

गुणवंतरावाला मात्र भावाशी घेणं नव्हतं. त्याची बायको रुखमाबाई धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, गाणी म्हणायची. रेडिओ केंद्रावरच्या माणसांनी एकदा बांधीवर, थेट धानाच्या शेतात, येऊन तिचा आवाज भरून नेला. ती जाऊन आता काही पावसाळे झाले, पण रोवणं आलं की दुपारच्या कार्यक्रमात ते गाणं लागतं. जुन्या रेडिओत खरखर मात्र वाढतच चाललेली. "बुडून राह्यली रे ती," तो मला म्हणे.

यंदा त्याची भाची मोनाली नागपूरहून डिजिटल रेडिओ घेऊन आली.

"मामाजी, स्टेशन तेच, पन याच्यात खरखर नाई. जुना फेका आता."

"फेकू काऊन? नवा बैल आला म्हनून जुना त्याच दिवशी सोडते का कोनी?"

म्हणून ओसरीत दोन्ही शेजारी शेजारी लावले. गाणं लागलं. जुन्यातली रुखमाबाई खरखरीतून एक ओळ म्हणाली, आणि ती संपते न संपते तोच नव्यातून तीच ओळ, लख्ख. डिजिटलचा आवाज जरा मागून येतो, मोनालीनं सांगितलं.

रोवण्यात एक बाई ओळ सांगते, बाकीच्या मागून उचलतात. इथं पुढं रुखमाबाई आणि मागंही रुखमाबाईच! मोनाली हसली. गुणवंतराव हसला नाही.

"मलेच म्हने ती, मागची ओळ तुमी घ्या. मी बांधावरून रोपाच्या पेंढ्या फेकत राहो. मी म्हनो, बाप्यानं रोवण्याचं गाऊ नाई."

तेवढ्यात वीज कडाडली. जुना नुसता खाकरला, नवा पार मुका झाला. डिजिटलचं तसंच, आलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. जुन्यातून पुढची ओळ आली. तिच्यामागची जागा रिकामी. मोनाली बटणं दाबत बसली. आणखी एक ओळ आली, तीही एकटीच.

त्यापुढच्या ओळीमागं गुणवंतराव गायला. सूर असा, की गोठ्यातल्या बैलांनी कान पाडले, आणि हे मी वाढवून सांगत नाही. मान जराशी कललेली, ती ऐकून घेते आहे की नाही ते बघत असल्यासारखी.

नवा परत बोलू लागला, तेव्हा गुणवंतरावानं हात लांब करून तो बंद केला.

"मामाजी, बिघडला का?"

"नाई बाई, लय चांगला हाये. त्याच्यावर उद्या ऐकू. आता तिले मी उत्तर देऊन राह्यलो."